लांबच्या कोपऱ्यातला पांढरा चेंडू

मित्रांनो, माझा रंग पांढरा आहे, हे आता मला स्वतःच सांगावं लागतं. बघणाऱ्याला मी फार तर दुधाळ चहाच्या रंगाचा वाटेन. शिवणीत धूळ बसली आहे, एका अंगाला निळ्या चेंडूचा रंग घासून लागला आहे आणि पोटातले दाणे सरकल्यामुळे सरळ धावता धावता मी जरासा डावीकडं कलतो. तरीही माझी ओळख बदललेली नाही. बोचिया नावाच्या खेळातला मी लक्ष्य चेंडू.

हा खेळ तुम्ही कदाचित पाहिला नसेल. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यामुळं काही मुलांचे हातपाय त्यांचं ऐकत नाहीत. सेरेब्रल पाल्सी म्हणतात त्याला. अशी मुलं, मोठी माणसंही, चाकाच्या खुर्चीत बसून बोचिया खेळतात. एका बाजूचे चेंडू लाल, दुसऱ्या बाजूचे निळे आणि पांढरा मी एकटाच. सगळ्यांच्या आधी मला टाकतात. मी जिथं थांबेन, तिथं माझ्या जवळात जवळ यायला लाल-निळे धडपडतात. जो जास्त जवळ, त्याला गुण; त्याचे जितके चेंडू समोरच्यापेक्षा जवळ, तितके गुण. म्हणजे डाव मैदानाच्या कुठल्या भागात रंगणार, हे माझ्या थांबण्यावर असतं. आणि मी कुठं थांबायचं, हे मला टाकणाऱ्यानं ठरवायचं असतं. माझी सारी हकिकत याच एका गोष्टीची आहे.

माझा जन्म एका कारखान्यातला. मऊ कातड्यासारख्या कापडाच्या पाकळ्या एका बाईंनी शिवल्या, पोटात बारीक दाणे भरले, मला तळहातावर तोललं, चिमूटभर दाणे काढून घेतले आणि तोंड शिवून टाकलं. त्या दाण्यांमुळं मी उसळत नाही. घरंगळत जातो आणि थांबलो की मांडी घालून बसल्यासारखा बसतो. माझी उमेदीची वर्षं पुण्याच्या एका संस्थेत गेली. तिथं माझं कौतुक झालं, माझ्याभोवती टाळ्या वाजल्या. मग तिथं नवा संच आला. आम्ही जुने पिशवीत गेलो, पिशवी कपाटात गेली आणि कपाटावर कुणीतरी बॅनरच्या गुंडाळ्या रचल्या. अंधारात पडून राहायचं दुःख चेंडूलाही असतं, मित्रांनो.

तिथून मला प्राची मॅडमनी सोडवलं. मॅडम मूळच्या सांगलीच्या, मुलांना व्यायामाचे उपचार देणाऱ्या. पलूसला एका शाळेच्या हॉलमध्ये त्या दुपारचा वर्ग चालवत. पुण्याला कामासाठी आल्या होत्या, तेव्हा आमची पिशवी त्यांनी मागून घेतली. पलूसच्या हॉलमध्ये पिशवी उघडली आणि मला पहिल्यांदा दिसली ती संयोगिता.

संयोगिता कुंडलची. एकोणीस वर्षांची. हात उचलायचं मनात आणलं की तिचा हात भलतीकडं जायचा आणि पाय आपसूक ताठायचे. मान मात्र तिच्या ताब्यात होती, आणि नजर तर फारच. घराच्या ओट्यावर तिची खुर्ची असायची. उसाची ट्रॉली फाटकातून वळताना डावा खांब घासणार की उजवा, हे तिला आधीच कळायचं. पण एकेक शब्द तोंडातून काढायला तिला वेळ लागे, आणि तिचं वाक्य पुरं होईपर्यंत खांब घासलेला असायचा.

तिचे वडील सयाजीराव. फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, म्हणून गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं. नोकरीत लेकीचं बालपण हातून निसटलं, याची रुखरुख त्यांच्या मनात होती. घरी आल्यावर त्यांनी तिचं सगळं स्वतःकडं घेतलं. तिला उचलणं, भरवणं, वेणी घालणंसुद्धा. फौजी माणसानं घातलेली ती वेणी फार घट्ट असे. तिनं कुठला ड्रेस घालायचा, टीव्हीवर काय बघायचं, पोळी किती खायची, हे सुभेदारच सांगत. तिनं बोलायला तोंड उघडलं की पुढचे शब्द ते पुरे करत.

"माझ्या बाळाच्या मनातलं मला कळतंय," ते अभिमानानं म्हणायचे. आणि खरंच बरंचसं कळायचं. सगळं नाही.

संयोगिताला हातानं चेंडू टाकता येत नव्हता. तिच्यासारख्या खेळाडूंसाठी एक उतरती पन्हाळ असते. खेळाडू त्यावरून चेंडू सोडतो. सुभेदारांनी प्लास्टिकचा जाड पाइप उभा चिरून, पलूसच्या वेल्डरकडून त्याला लोखंडी पाय लावून घेऊन ती पन्हाळ स्वतः तयार केली. संयोगिताच्या कपाळाला पट्टा आणि पट्ट्याला पुढं आलेली एक काडी. त्या काडीनं ती चेंडू अडवून धरायची. मान वर केली की चेंडू सुटायचा. चेंडू जितका उंचावरून सुटेल, तितका लांब जाणार.

पन्हाळ हलवायला आणि चेंडू त्यावर धरायला एक मदतनीस लागतो. ते काम अर्थातच सुभेदारांनी घेतलं. पण त्याचा नियम ऐकल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तुम्ही मैदानाकडं पाठ करून बसायचं," प्राची मॅडम म्हणाल्या. "तोंड संयोगिताकडं. डाव चालू असताना मागं वळून बघायचं नाही, आणि आपण होऊन तिला काही सांगायचं नाही. ती सांगेल तशी पन्हाळ हलवायची."

"आवं मॅडम, मग मला दिसायचं कसं?"

"काका, तुम्हाला दिसू नये म्हणूनच तो नियम आहे. डाव तिचा आहे."

सुभेदार पाठ करून बसले खरे. पण पहिले कित्येक दिवस त्यांची पाठ मैदानाकडं असायची आणि मान अर्धी वळलेली. पांढरा चेंडू, म्हणजे मी, हातात आलो की ते न विचारता मला पन्हाळीच्या खालच्या भागात धरायचे. तिथून सुटलो की मी जेमतेम पहिली रेषा ओलांडून थांबायचो. जवळचा डाव सोपा, त्यात चूक कमी, असं त्यांचं गणित. संयोगिता काही बोलायची नाही. मान वर करायची आणि मला सोडून द्यायची. मी तिच्या पन्हाळीवरून जात होतो, तिच्या मनासारखा नव्हे. हे मला कळायचं, पण चेंडूनं सांगायचं कुणाला?

मग एका दुपारी शेतातली मोटर बिघडल्याचा फोन आला आणि सुभेदार लेकीला हॉलमध्ये सोडून कुंडलला गेले. त्या दिवशी पन्हाळीपुढं प्राची मॅडम बसल्या. मला हातात घेऊन त्यांनी विचारलं, "बोल संयू. हा कुठं पाठवायचा?"

संयोगितानं दाराकडं पाहिलं.

"ते नाहीत गं आज. तूच सांग."

हॉलमधला पंखा फिरत होता. मॅडम मला हातात धरून तशाच बसल्या होत्या. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, की उत्तर सुचवलं नाही.

"वर," संयोगिता म्हणाली.

मॅडमनी मला वर सरकवलं.

"अजून वर."

मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि मला पन्हाळीच्या टोकाशी धरलं. पलूसला आल्यापासून पहिल्यांदाच मला तिथून सगळं मैदान दिसलं. संयोगितानं पन्हाळ डावीकडं, मग अगदी किंचित उजवीकडं घ्यायला लावली. काडी माझ्यावर टेकली. मग सुटली.

मित्रांनो, एवढा लांब मी कित्येक वर्षांत गेलो नव्हतो. मैदानाच्या मधोमध आखलेली फुली मागं पडली, तरी मी जातच होतो. शेवटच्या रेषेच्या अलीकडं, डाव्या कोपऱ्यात मी थांबलो. आणि मागोमाग तिचा निळा चेंडू आला आणि मला येऊन हळूच चिकटला. ट्रॉलीचा खांब ओळखणारी ती नजर होती. तिला लांबची सरळ रेष दिसायची.

त्या दिवसानंतर मॅडम तिला वर्गात लांबचा सराव देऊ लागल्या. घरी गेल्यावर तिनं वडिलांना सांगायचा प्रयत्न केला. तो मी पाहिला, कारण सरावासाठी सुभेदारांनी आमची पिशवी कुंडलला नेली होती. लेकीसाठी त्यांनी शेडमधला ट्रॅक्टर बाहेर उन्हात काढला होता, फरशी धुऊन तिच्यावर चिकटपट्टीनं मैदान आखलं होतं. संयोगिता म्हणाली, "पप्पा, लांब..."

"लांब न्हाई जायचं बाळा, हुकतंय ते," सुभेदारांनी वाक्य पुरं केलं. "आपून जवळच खेळायचं. मी हाय न्हवं."

तिच्या आईनं दारातून सांगितलं, "आवं, तिला काय म्हणायचंय ते तरी ऐका."

"ऐकलं की," सुभेदार म्हणाले, आणि मला पन्हाळीच्या खालच्या भागात ठेवलं.

राज्याच्या स्पर्धेसाठी सांगलीला निवड होती. संयोगिताच्या गटातून एकच खेळाडू जाणार होता. शेवटची लढत तिची आणि अतिशय नावाच्या मुलाची. अतिशय सांगलीचा, आडत व्यापाऱ्याच्या घरातला, तिच्याच वयाचा. त्याच्या पन्हाळीपुढं त्याची आई राजमती बसायची. जवळच्या डावात अतिशयचा हात धरणारं कुणी नव्हतं. समोरच्याचा चेंडू हलकेच ढकलून त्याच्या जागी आपला बसवण्यात तो पटाईत होता. संयोगिताला निळे चेंडू मिळाले, त्याला लाल. लक्ष्य म्हणून पंचांनी मलाच निवडलं.

लढतीत चार डाव असतात. पहिल्या डावात मला अतिशयनं टाकलं. अर्थात जवळच. एक गुण त्यानं घेतला.

दुसऱ्या डावात मला टाकायची पाळी संयोगिताची होती. पंचांनी मला सुभेदारांच्या हातात दिलं.

"वर," संयोगिता म्हणाली.

सुभेदारांनी मला खालीच धरलं. घड्याळ चालू झालं होतं.

"वर."

"हितंच बरं हाय," सुभेदार पुटपुटले. पंचांनी त्यांना ताकीद दिली.

संयोगितानं घड्याळाकडं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं, आणि मान वर केली. मी जरासा घरंगळलो आणि अतिशयच्या अगदी अंगणात जाऊन बसलो. मग लाल चेंडू एकामागून एक माझ्याभोवती जमले. चेंडूवर चेंडू आपटल्याचा आवाज आला तसं सुभेदारांना राहवलं नाही. त्यांनी मागं वळून पाहिलं.

पंचांचा हात वर गेला. मदतनीस वळला, म्हणून अतिशयला दंडाचा एक जादा चेंडू मिळाला. डावातला एक गुण आणि दंडाचा एक, असे मिळून अतिशयचे तीन झाले. संयोगिताचा भोपळा फुटला नव्हता. सुभेदारांचा चेहरा उतरला. परेड मैदानावर ज्यांनी उभी हयात शिस्त शिकवली, त्यांना भर हॉलमध्ये शिस्तभंगाची शिक्षा झाली होती, आणि भोगणार लेक होती.

तिसऱ्या डावात अतिशयचे दोन चेंडू जरा जोरात आले आणि संयोगितानं एक गुण मिळवला. आता तीन विरुद्ध एक. राहिला शेवटचा डाव. त्यात मला टाकायचं होतं संयोगितानं.

दोन डावांच्या मध्ये खेळाडूला आणि मदतनिसाला बोलायची मुभा असते. वेळ अगदी थोडा. सुभेदार लेकीच्या खुर्चीजवळ वाकले. "बाळा, चुकलं माझं. आता असं करू..."

संयोगितानं मान हलवली. तिला बोलायचं होतं. शब्द ओठाशी येऊन अडकत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. सुभेदारांनी सवयीनं तोंड उघडलं. आणि मिटलं. ते थांबले. त्यांना फार जड गेलं असणार. मी पंचांच्या हातातून बघत होतो, सुभेदारांच्या मुठी घट्ट आवळलेल्या होत्या.

"माझ्याकडं बघा, पप्पा," ती म्हणाली.

"बघतोयच की गं."

"न्हाई. तुमी... चेंडूकडं... बघताय."

मिळालेला सगळा वेळ तेवढ्या बोलण्यात गेला. पंचांनी मला पुढं केलं. सुभेदार मैदानाकडं पाठ करून बसले.

"वर," संयोगिता म्हणाली.

मी वर गेलो.

"अजून."

सुभेदारांचा हात थबकला. पन्हाळीचं टोक हातभर राहिलं होतं. तिथून मी सुटलो तर कुठं जाईन हे त्यांना दिसणार नव्हतं, सावरता येणार नव्हतं. त्यांनी लेकीकडं पाहिलं. ती त्यांच्याकडंच बघत होती. ते उठून उभे राहिले आणि मला अगदी टोकाला नेऊन धरलं.

"डावीकडं. थोडं. बास."

काडी टेकली. सुटली.

मी धावलो. मधली फुली ओलांडली, लोकांची कुजबुज ऐकू आली, आणि मी त्या लांबच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसलो. तिथून मला सुभेदारांची फक्त पाठ दिसत होती. ताठ, फौजी पाठ. आणि त्यांच्या खांद्यावरून संयोगिताचा चेहरा. मी कुठं थांबलो हे हॉलमधल्या प्रत्येकाला दिसत होतं, एकट्या सुभेदारांना सोडून. त्यांना दिसत होती ती त्यांची लेक. तिनं डोळे बारीक केले, ओठाचा कोपरा दातात धरला, आणि मग तिच्या सगळ्या चेहऱ्यावर हसू पसरलं. तेवढ्यावरून त्यांना कळलं. घरी परतल्यापासून त्यांनी तिच्यासाठी पुढं पाहिलं होतं. ती काही करत असताना तिच्याकडं असं नुसतं बघत बसण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

तिचा पहिला निळा येऊन मला टेकला. अतिशयचे लाल चेंडू वाटेतच दमले. एक तर मला ओलांडून रेषेबाहेर गेला. राजमती मुलाच्या सांगण्याप्रमाणं पन्हाळ हलवत होत्या, पण एवढ्या लांबचा अंदाज अतिशयला येईना. मागाहून संयोगिताचा आणखी एक निळा येऊन बसला. अतिशयचा शेवटचा चेंडू मात्र सुरेख आला. संयोगिताच्या तिसऱ्या निळ्यापेक्षा तो माझ्या जवळ बसला. संयोगिताला गुण मिळाले दोन.

तीन-तीन. बरोबरी.

बरोबरी झाली की आणखी एक डाव होतो. त्यात मला कुणी टाकत नाही. पंच मला मैदानाच्या मधल्या फुलीवर नेऊन ठेवतात. मध्यावरच्या त्या डावात अतिशयच्या शेवटच्या चेंडूनं संयोगिताच्या निळ्याला बोटभर मागं ढकललं, आणि राज्याच्या स्पर्धेला तो गेला. खोटं कशाला सांगू, मित्रांनो, मला वाईट वाटलं. पण त्या डावातही सुभेदार एकदाही वळले नाहीत.

अतिशयनं आपली खुर्ची संयोगिताच्या जवळ न्यायला लावली. "तो कोपरा... लय वंगाळ जागा हाय," तो म्हणाला. "मी शिकून येतो. मग बघू." संयोगिता इतकी हसली की तिचे पाय खुर्चीच्या पायपट्टीवर ताडताड आपटले.

हॉलबाहेरच्या पाण्याच्या टाकीपाशी सुभेदार चेंडू पिशवीत भरत होते. मला त्यांनी सगळ्यांत शेवटी उचललं, खिशातला रुमाल ओला करून पुसलं, आणि मला हातात तसंच धरून प्राची मॅडमना म्हणाले, "मॅडम, दुसरं कुणीतरी बघा पन्हाळीवर बसायला. मी वळलो न्हसतो तर पोरगी जिकली असती. माझ्याच्यानं गप बसवत न्हाई."

मॅडमनी फक्त संयोगिताकडं पाहिलं. सुभेदारांनीही पाहिलं. आणि थांबले.

"तुमीच," संयोगिता म्हणाली. पुढचा शब्द यायला वेळ लागला. नळाचं पाणी ठिबकत होतं, शेजारून माणसं जात होती. सुभेदार मला हातात घेऊन तसेच उभे होते. "तुमीच बसा. पण... पाठ करून."

सुभेदारांनी मान डोलावली. मग त्यांनी मला पुन्हा एकदा पुसलं.

आता पलूसला नवा संच आला आहे. त्यातला पांढरा चेंडू असा पांढरा आहे, की त्याच्याकडं बघितलं की मला माझी पहिली वर्षं आठवतात. संयोगिता आणि सुभेदार त्याच संचानं खेळतात आणि यंदाच्या निवडीची तयारी करतात. तो नवा पोरगा त्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसला की माझ्या पोटातले दाणे उगाच हलल्यासारखे वाटतात. मी वर्गात नव्यानं येणाऱ्या लहान मुलांकडं असतो. परवा एकीनं मला दारापर्यंत पाठवलं. मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, आमच्यासारखे जुने चेंडू तुमच्या शाळेत कुठं असतील तर त्यांना ओल्या फरशीवर टाकू नका. खेळ झाला की कोरड्या फडक्यानं पुसा आणि पिशवीचं तोंड जरा उघडं ठेवा, आत दमट होतं. आणि कधी तुमच्या एखाद्या मैत्रिणीसाठी, भावासाठी मला हातात धरायची वेळ आली, तर मला सोडण्याआधी विचारा, कुठं पाठवू? विचारून झालं की पुढचं काही बोलू नका. मला हातात धरून उभे राहा. मी जड नाही.